नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर

दसरा, धनत्रयोदशी, गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीया जवळ आली की वाहनांच्या शोरूमपुढे हार-फुलांची गर्दी होते. चिमूर, वरोरा, भद्रावती या भागातील अनेक कुटुंबे नवी गाडी नागपूर किंवा चंद्रपूरहून घेतात. त्यामुळे गाडीचा पहिलाच प्रवास लांबचा होतो. पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले, की सहकुटुंब तीर्थदर्शनाचा बेत ठरतो. वर्षानुवर्षांच्या बचतीतून आणि पुढील पाच-सात वर्षांच्या हप्त्यांतून आलेली ही वस्तू असते. तिच्या इंजिनाचे आयुष्य या पहिल्या काही प्रवासांवर बऱ्याच अंशी अवलंबून असते, याची जाणीव मात्र त्या उत्साहात क्वचितच कोणाला राहते.

इंजिनाच्या आत काय घडते?

पूर्वी घरोघरी दगडी जाते असे. जात्याला नव्याने टाकी लावली की पहिले दळण खाण्यासाठी वापरत नसत, कारण त्यात दगडाची कच येई. दोन्ही तळ्या एकमेकींशी जुळल्या, की मगच पीठ मऊ पडे. नव्या इंजिनाचे काहीसे असेच असते.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. पिस्टनभोवती धातूच्या बारीक रिंगा असतात. इंधन पेटल्यावर निर्माण होणारा वायूचा दाब खाली निसटू न देणे आणि खालचे ऑइल वर जाऊ न देणे, ही त्यांची कामे. सिलिंडरची आतील भिंत डोळ्यांना गुळगुळीत दिसते. प्रत्यक्षात कारखान्यात तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा मुद्दाम कोरलेल्या असतात. या रेषांत ऑइल टिकून राहते आणि त्यांच्या उंचवट्यांवर घासून रिंगा भिंतीशी नेमक्या बसतात. इंजिन रुळणे ते हेच.

या क्रियेत दोन्ही टोकांचा अतिरेक घातक ठरतो. सुरुवातीलाच इंजिन जोरात पळवले, तर न बसलेल्या रिंगा आणि भिंत यांच्यातील उष्णता वाढते आणि धातूवर ओरखडे उठू शकतात. उलट, गाडी सतत अगदीच हळू व एकाच वेगात चालवली, तर रिंगांमागे पुरेसा दाब तयार होत नाही. भिंतीवरचे ऑइल तापून तेथे चकचकीत थर जमतो आणि मग रिंगा कधीच नीट बसत नाहीत. असे इंजिन पुढे ऑइल खाऊ लागते, त्याची शक्ती घटते आणि इंधनाचा खर्च वाढतो. दोष उघडा पडेपर्यंत बहुधा काही वर्षे लोटलेली असतात.

मागच्या काचेवरची पाटी

ॲम्बॅसॅडर आणि फियाटच्या काळात नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी पाटी दिसे. ही गाडी अजून रुळते आहे, मागच्याने खुशाल पुढे निघून जावे, असा तिचा अर्थ. मालकही ते व्रतासारखे पाळत.

या संदर्भात सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. जहाज आणि विमान या उद्योगांबरोबरच १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात पुढे इटलीच्या फियाटच्या सहकार्याने तयार झालेली मोटार ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घराघरांत पोहोचली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप तिनेच घेतले होते.

आज यंत्रांची अचूकता फार वाढली आहे. धातूचे भाग मिलिमीटरच्या हजाराव्या अंशापर्यंत काटेकोर बनतात. त्यामुळे रुळवण्याची आता गरजच उरली नाही, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. पूर्वीइतकी कडक पथ्ये आता लागत नाहीत, हे खरे. तरीही बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या सुमारे एक हजार ते दीड हजार किलोमीटरसाठी सूचना दिलेल्या असतात. शेजाऱ्याच्या सल्ल्यापेक्षा त्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा.

महामार्ग की चिमूरची वाट?

नवी गाडी नागपूरहून निघाली, की समृद्धी महामार्गाचा मोह होतो. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगमर्यादा आहे. न रुळलेल्या इंजिनासाठी मात्र तासन्‌तास एकाच उच्च वेगात धावणे अयोग्यच.

याउलट नागपूर-उमरेड-भिसी-चिमूर ही सुमारे शंभर किलोमीटरची वाट पाहावी. उमरेडचा कोळसा खाणींचा परिसर, मग गावांमागून गावे, गतिरोधक, बैलगाड्या, कापूस-सोयाबीनची शेते, धानाच्या बांध्या. कुठे मोकळा रस्ता, कुठे वळण, कुठे थांबा. वेग आपोआप कमी-जास्त होतो आणि गिअर वारंवार बदलावे लागतात. एरवी कंटाळवाणी वाटणारी ही वाट नव्या इंजिनाला नेमकी मानवते.

१६ ऑगस्ट १९४२ च्या क्रांतीने देशभर नाव झालेल्या चिमूरला बालाजी मंदिराजवळ विसावा घ्यावा. तेथून वरोरा गाठले, की बाबा आमटे यांचे आनंदवन आहे, आणि पुढे भद्रावतीचे केसरिया पार्श्वनाथ तीर्थ. दर्शन घेऊन महामार्गाने नागपूरला परतले, तर साधारण तीनशे किलोमीटरची फेरी होते.

प्रवासातील पथ्ये

सकाळी सपाट जागी गाडी उभी असताना डिपस्टिकने ऑइलची पातळी पाहावी. नवे इंजिन प्रारंभी थोडे अधिक ऑइल घेऊ शकते. इंजिन सुरू केल्यावर उभ्या गाडीत रेस करू नये, तसेच ते बराच वेळ नुसते चालू ठेवू नये. काही क्षणांनी हलक्या पायाने निघावे.

ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबू नये. त्याचप्रमाणे वरच्या गिअरमध्ये इंजिन धापा टाकेल इतक्या कमी वेगातही गाडी ओढू नये. दर काही मिनिटांनी वेग बदलावा आणि क्रूझ कंट्रोल बंद ठेवावे. गाडी माणसांनी व सामानाने खच्चून भरू नये.

ब्रेक आणि टायर यांनाही रुळावे लागते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर त्यांची पकड पूर्ण नसते, म्हणून पुढील वाहनापासून अधिक अंतर ठेवावे. विजेवर चालणाऱ्या गाडीत पिस्टन नसले, तरी हे शेवटचे पथ्य तिलाही लागू आहे.

अरण्याच्या कडेने

चिमूर तालुका ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. कोलारा प्रवेशद्वाराकडे याच बाजूने जातात. चितळ, रानडुक्कर, सांबर आणि प्रसंगी वाघही रस्ता ओलांडतो. अंधार पडल्यावर दिव्यांच्या झोताने प्राणी जागीच थबकतात. पावसाळ्यात बेडूक व साप डांबरावर येतात. ब्रेकची पूर्ण पकड न आलेल्या गाडीने या रस्त्यावर रात्री वेगात जाणे म्हणजे त्या जीवांच्या आणि गाडीतील आपल्या माणसांच्याही प्राणांशी खेळणे होय. पावलाखाली जीव चिरडू नये म्हणून पाहून चालण्याचा ईर्यासमितीचा संस्कार लाभलेल्या घरांना चाकाखालच्या जिवांबद्दल वेगळे सांगण्याची गरज नसावी. सूर्यास्तापूर्वी जंगलपट्टा ओलांडता येईल अशा बेताने निघावे, हेच श्रेयस्कर.

पहिल्या सर्व्हिसिंगला विलंब करू नये. बहुतेक कंपन्या ती एक हजार किलोमीटर किंवा एक महिना, यांपैकी जे आधी होईल त्यावेळी करण्यास सांगतात. ऑइल बदलायचे की नुसती तपासणी करायची, हे पुस्तिकेत पाहून मेकॅनिकला विचारावे. काही वेगळा आवाज किंवा वास जाणवला असल्यास तोही त्याच वेळी सांगावा. हजार किलोमीटर पार पडल्यावरही पहिल्याच दिवशी पूर्ण वेग गाठू नये. तो पुढील काही प्रवासांत टप्प्याटप्प्याने वाढवीत न्यावा.