परसबागेची गाऱ्हाणी

व्याख्यानमालेचे दिवस म्हणजे आपल्याकडे ऐन उन्हाळ्याचे दिवस. देगलूरसारख्या गावी चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, आणि परसातली झाडे माना टाकू लागतात. याच दिवसांत बागेचा नाद असलेल्या माणसांच्या तोंडी तीच ती गाऱ्हाणी ऐकू येतात : टोमॅटोला फूल येते पण फळ धरत नाही, भेंडी पिवळी पडली, कढीपत्ता वाढत नाही, जास्वंदीच्या कळ्या गळतात. मग कोणी मातीला दोष देतो, कोणी बियाण्याला, कोणी दृष्ट लागली म्हणतो, आणि शेवटी बाजारातून विषाची बाटली आणली जाते. वस्तुतः या गाऱ्हाण्यांपैकी बरीचशी रोगाची नसतातच. ती पाण्याची, मातीची किंवा हवामानाची असतात, आणि त्यांवर विषाचा काडीइतकाही उपयोग नसतो.

म्हणून पहिला नियम असा की, औषध शोधण्यापूर्वी झाड वाचावे. वैद्य नाडी पाहिल्यावाचून पुडी देत नाही. आपणही तीन गोष्टी पाहाव्यात : पिवळे पडलेले पान जुने की कोवळे, पानाची खालची बाजू कशी आहे, आणि माती दोन बोटे खोल कोरडी आहे की ओली.

आधी पिवळेपणा घेऊ. बुडाकडची जुनी पाने सारखी पिवळी होत असतील, तर झाडाला नत्र कमी पडत आहे. कुजलेले शेणखत द्यावे. मात्र माती सतत ओलीचिंब असेल, तर मुळांना हवा मिळत नाही आणि भुकेचे सोंग घेऊन झाड गुदमरत असते. आपली काळी माती पाणी फार काळ धरून ठेवते. कुंडीत नुसती काळी माती भरणे म्हणजे रोपाला चिखलात पुरणे होय. तिच्यात निम्मे शेणखत व वाळू मिसळावी आणि कुंडीचे भोक मोकळे आहे ना, ते पाहावे.

उलट शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर ती लोहाची उणीव होय. कढीपत्ता, गुलाब, जास्वंद यांवर ती आपल्याकडे वारंवार दिसते. याचे कारण मातीत लोह नाही हे नव्हे. चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. अशा वेळी पुष्कळ जण बुंध्याशी चुलीतली राख टाकतात. राख स्वतःच क्षारयुक्त असल्याने दुखणे वाढते. त्याऐवजी एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस व थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारावे, आणि जमिनीत दरवर्षी पालापाचोळ्याचे खत मुरवावे.

आता फळ न धरण्याविषयी. दिवसाची उष्णता पस्तीस अंशांपलीकडे गेली आणि रात्रही उबदार राहिली, की टोमॅटोचा पराग निकामी होतो व फूल गळते. त्याला औषध नाही, हंगाम आहे. पावसाळ्याच्या अखेरीस लावलेले रोप थंडीत फळांनी लगडते. फळाचे बूड काळे पडून दबते, तेही कीड नव्हे. फळाला कॅल्शियम न मिळाल्याचे ते लक्षण आहे. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमची उणीव कशी, असे कोणी विचारील. पण कॅल्शियम पाण्यासोबतच फळापर्यंत चढते. चार दिवस तहान आणि पाचव्या दिवशी पूर, असे झाले की ते वेळेवर पोचत नाही. थोडे पण नेमाने पाणी आणि बुंध्याशी पाचोळ्याचे आच्छादन, एवढ्यावर हे दुखणे बरे होते.

दुधी-भोपळ्याच्या वेलाला आधी नरफुले येतात, ती गळणारच. मादीफुलाच्या मागे बोटाएवढे फळ असते. तेही पिवळे होऊन गळत असेल, तर परागीभवन झालेले नाही असे समजावे. दुधीचे फूल सायंकाळी उमलते. त्या वेळी नरफूल तोडून मादीफुलावर हलकेच फिरवावे. फळाला टोचा पडून ते सडत असेल, तर ते काम फळमाशीचे. असे फळ उकिरड्यावर टाकू नये, कारण त्यातली अळी मातीत कोष करते व नवी माशी होऊन परतते. ते साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवावे आणि कोवळ्या फळांना कागदी पिशवी बांधावी.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या होतात, तो हळद्या किंवा केवडा रोग होय. तो विषाणूचा असून पांढरी माशी तो पसरविते. रोगी झाड कशानेही बरे होत नाही. चार शेंगा आलेले झाड उपटायला हात धजत नाही, पण ते ठेवले तर सारा वाफा जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने या रोगाला तोंड देणारा ‘परभणी क्रांती’ हा वाण काढला. पुढे त्याचा जोर काहीसा ओसरला, तरी बी निवडताना रोगप्रतिकारक वाण मागावा, हा धडा कायम आहे. मिरचीचा बोकड्या झाला असेल, तर पान उलटून पाहावे. फुलकिडे वा कोळी तिथेच लपलेले असतात.

फुलझाडांचीही अशीच कथा. जास्वंदीवर कापसासारखे पुंजके दिसले, तर ते पिठ्या ढेकूण. मुंग्या त्यांच्या गोड स्रावासाठी त्यांची राखण करतात. म्हणून ढेकूण साबणाच्या पाण्याने पुसावेत आणि मुंग्यांची वाटही बंद करावी. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, तेव्हा त्याची छाटणी थंडीत करावी. सावली आणि नत्राचा मारा यांनी नुसती पानेच वाढतात. शेवंतीला फुलण्यासाठी लांब, अंधारी रात्र हवी असते. रस्त्यावरच्या दिव्याखाली ठेवलेली कुंडी फुलत नसेल, तर खतावर पैसे न घालवता ती अंधाऱ्या कोपऱ्यात हलवावी.

इतके करूनही कीड उरलीच, तर निंबोळी आहे. वाळलेल्या निंबोळ्यांच्या 50 ग्रॅम गराची भरड रात्रभर भिजवून, गाळून, लिटरभर पाणी करावे, किंचित साबण घालावा आणि संध्याकाळी फवारावे. विषारी औषधे मात्र घरात आणूच नयेत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. उघड्या शिवारात हे घडते, तर जिथे मुले खेळतात आणि सकाळची भाजी संध्याकाळी ताटात येते, त्या परसात काय होईल, याचा विचार व्हावा.

राहिला पाण्याचा प्रश्न. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट मराठवाडा विसरणार नाही. पिण्याचे पाणी बागेला घालणे आपल्याला शोभत नाही. पण तांदूळ-डाळ आणि भाजी धुतलेले पाणी रोज मोरीतून वाहून जाते. तेवढ्यावर आच्छादन केलेली चार आळी जगतात. ज्याला उन्हाळ्यात इतकेच पाणी आहे, त्याने चारच झाडे ठेवावीत आणि बाकीचा वाफा मृगाची वाट पाहत रिकामा सोडावा. झाडाचे गाऱ्हाणे ऐकायला फार विद्या लागत नाही. रोज सकाळी पाच मिनिटे थांबून पान उलटून पाहण्याची सवय लागते.