भाऊ व्हायोलिनवर, बहीण पियानोवर

जात्यावर दोघींनी मिळून दळण कसं दळायचं, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको. समोरासमोर दोघी बसायच्या. एकाच खुंट्याला दोघींचे हात. एकीनं ओढायचं, दुसरीनं लोटायचं. एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं ती पुरी करायची. आता गावोगाव गिरण्या आल्या, पण ही आठवण अजून पुसलेली नाही. त्या दोघींत मुख्य कोण आणि मदतनीस कोण, असं कुणी विचारलं असतं तर त्या हसल्याच असत्या. एकीचा हात ढिला पडला की जातं जड होतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज ज्या भावाबहिणीची हकीकत मी सांगणार आहे, ती फार दूरची, सातासमुद्रांपलीकडची. भावाचं नाव येहुदी मेनुहिन, बहिणीचं नाव हेफ्झिबा. भाऊ व्हायोलिन वाजवी, बहीण पियानो. पाश्चात्त्य अभिजात संगीतात या जोडीनं मोठं नाव मिळवलं. पण त्यांची हकीकत समजायची तर आधी त्यांचं संगीत काय जातीचं होतं, ते थोडं समजून घेऊ.

युरोपात एक संगीत असतं मोठ्या वाद्यवृंदाचं. त्यात ऐंशी-शंभर वादक बसतात आणि समोर उभा राहून एकजण हातातल्या काठीनं सगळ्यांना चालवतो. दुसरं संगीत असतं बैठकीचं. दोघं, तिघं, चौघं वादक, आणि प्रत्येकाचं वाद्य वेगळं. काठीवाला कुणी नाही. पूर्वी हे संगीत बड्या घरांच्या दिवाणखान्यांत चाले. दोन वाद्यांसाठी रचलेली अशी जी कृती, तिचा एक मोठा प्रकार म्हणजे सोनाटा. तीनचार भागांची ही रचना असते आणि रचनाकारानं तिच्यातला स्वर न् स्वर लिहून ठेवलेला असतो.

मग तुम्ही म्हणाल, सगळं लिहिलेलंच असेल तर वाजवणाऱ्याचं कसब कशात? कसब आहे ते ऐकण्यात. व्हायोलिनचा स्वर गजानं लांबवता येतो, फुगवता येतो. पियानोचं तसं नाही. आपल्या पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, पण त्या अठ्ठ्याऐंशी. आणि आत भाता नाही, तारा आहेत. पट्टी दाबली की आतली नमद्याची हातोडी तारेवर पडते. देवळातल्या घंटेचा टोल जसा उमटला की ओसरू लागतो, तसा पियानोचा स्वर. आता एक वाद्य स्वर धरून ठेवणारं आणि दुसरं सोडून देणारं, अशा दोघांनी एकाच वाक्यात बोलायचं! सुरुवात एकदम करायची तर खूण काय? समोरच्याचा श्वास, गज उचलण्याची ढब, एवढीच. कुणी किती हळू व्हायचं, कुणी केव्हा पुढं यायचं, हे कागदावर थोडंबहुत लिहिलेलं असतं; बाकीचं एकमेकांच्या कानांवर सोपवलेलं असतं.

इथं आपली नेहमी एक गल्लत होते. आपल्याकडे गवई गातो आणि पेटीवाला साथ करतो. त्यामुळे व्हायोलिन पुढं उभं आणि पियानो मागं दिसला की आपण समजतो, पियानो म्हणजे साथ. गाण्यांच्या किंवा लहान चिजांच्या बाबतीत ते खरंही असतं. सोनाटात मात्र तसं नाही. मोत्सार्ट आणि बेथोव्हेन यांच्या काळी अशा रचना छापून निघत, तेव्हा मुखपृष्ठावर आधी पियानोचं नाव असे आणि मागून व्हायोलिनचं! म्हणजे खुंट्याला हात दोघांचे.

आता या दोघांच्या घरात डोकावू. वडील मोशे आणि आई मारुथा. दोघंही ज्यू, जन्म त्या वेळच्या रशियन साम्राज्यातला. दोघं अमेरिकेत येऊन स्थायिक झाले. वडील हिब्रू भाषेचे शिक्षक होते. येहुदी १९१६ साली न्यूयॉर्कला जन्मला. पुढं कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला गेलं. तिथं १९२० साली हेफ्झिबा आणि १९२१ साली धाकटी याल्टा जन्मली.

मास्तराची कमाई ती किती असणार? मुलाला सांभाळायला बाई ठेवणं परवडेना, म्हणून आईवडील तान्ह्या येहुदीला कडेवर घेऊनच वाद्यवृंद ऐकायला जात. तिथं पुढच्या रांगेत बसून व्हायोलिन वाजवणाऱ्या लुई पर्सिंजर यांच्याकडे पोराचे डोळे लागले. मला व्हायोलिन पाहिजे, असा त्यानं हट्ट धरला. कुणीतरी कौतुकानं त्याला पत्र्याचं खेळातलं व्हायोलिन आणून दिलं. ते गाईना, तेव्हा त्यानं ते फेकून दिलं आणि रडून आकांत मांडला. पुढं तेच पर्सिंजर त्याचे गुरू झाले. सातव्या वर्षी पोरगा मैफलीत उभा राहिला आणि अकराव्या वर्षी, १९२७ साली, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेथोव्हेनची मोठी रचना वाद्यवृंदाबरोबर वाजवून त्यानं जाणकारांना थक्क केलं.

आणि हेफ्झिबा? तीही चौथ्या वर्षी पियानोला बसली. शाळेत ती जेमतेम काही दिवस गेली. वाचन, लेखन, भाषा सगळं घरीच झालं. आठव्या वर्षी, १९२८ साली, तिनं सॅन फ्रान्सिस्कोत पहिला जाहीर कार्यक्रम केला. भावाच्या शिक्षणासाठी सगळं घर युरोपला निघालं, तेव्हा तिथं तिलाही चांगले गुरू लाभले. भाऊ पॅरिसला जॉर्ज एनेस्कू यांच्याकडे आणि बाझल गावी आडोल्फ बुश यांच्याकडे शिकला. बुश यांच्या जोडीला पियानो वाजवणारे रुडॉल्फ झेर्किन यांच्याकडे हेफ्झिबा शिकली, आणि पुढं पॅरिसला मार्सेल सिआंपी यांच्याकडे. म्हणजे बाझलमधले गुरूसुद्धा सोनाट्यांच्या बैठकीतली जोडीच होती, बरं का.

गुरू तोलामोलाचे, पण घरातला विचार एकसारखा नव्हता. मुलींनी संगीत शिकावं, उत्तम शिकावं. मात्र जाहीर मैफली हा मुलींचा मार्ग नव्हे, त्यांनी संसार करावा, असं आईवडिलांचं, विशेषतः आईचं, मत होतं. मुलासाठी घर खंड ओलांडून गेलं. मुलीसाठी दार अर्धवट उघडं राहिलं. धाकट्या याल्टालाही पियानोचं चांगलं अंग होतं. तिला तर तेवढंही उत्तेजन मिळालं नाही.

ते अर्धवट दार उघडलं भावाच्या सोबतीनं. १९३३ साली पॅरिसला दोघांनी मोत्सार्टच्या एका सोनाट्याचं ध्वनिमुद्रण केलं. बहीण तेरा वर्षांची, भाऊ सतरा. त्या तबकडीला पारितोषिक मिळालं. दुसऱ्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३४ रोजी, पॅरिसच्या साल प्लेयेल या सभागृहात दोघं प्रथम एकत्र लोकांसमोर बसले. त्यानंतर लंडन झालं, न्यूयॉर्क झालं. एकमेकांशी फारसं बोलावं लागत नसे, वाजवू लागलं की एकाचं मन दुसऱ्याला कळे, असं येहुदींनी पुढं अनेकदा सांगितलं आहे. आणि ते नवल नाही. पाळण्यापासून एकमेकांचा सराव भिंतीपलीकडून ऐकत वाढलेली ती मुलं! कोण कुठं श्वास घेतो, हे त्यांना निराळं शिकावं लागलं नाही.

मग १९३८ साल उजाडलं. ऑस्ट्रेलियातल्या निकोलस कुटुंबातल्या मुलीशी येहुदींचं लग्न झालं, आणि त्याच मुलीच्या भावाशी हेफ्झिबाचं. आपल्याकडे ज्याला साटंलोटं म्हणतात, तसंच. येहुदी जगभर वाजवत राहिले. अठरा वर्षांची हेफ्झिबा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात मेंढ्यांच्या विस्तीर्ण कुरणावर राहायला गेली.

तेराएक वर्षं ती त्या कुरणावर राहिली. दोन मुलगे झाले. तिनं पियानो मात्र सोडला नाही. आसपासच्या मुलांसाठी तिनं फिरतं ग्रंथालय चालवलं, ऑस्ट्रेलियातल्या वाद्यवृंदांबरोबर ती वाजवीत राहिली, आणि भाऊ त्या देशात आला की जोडी पुन्हा बसे. पुढं १९५५ साली तिनं दुसरा विवाह केला आणि १९५७ साली ती लंडनला आली. पती रिचर्ड हाउझर यांच्यासह तिनं समाजातल्या दुबळ्यांसाठी काम केलं. स्त्रियांच्या आणि शांततेच्या चळवळीत ती पडली. आणि भावाबरोबरच्या मैफली चालूच राहिल्या. १ जानेवारी १९८१ रोजी लंडनला ती निवर्तली, तेव्हा पहिल्या मैफलीला शेहेचाळीस वर्षं उलटून गेली होती. येहुदी १२ मार्च १९९९ रोजी बर्लिनमध्ये वारले.

येहुदींचं आपल्या मुलखाशी नातं आहे. १९५२ साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून ते भारतात आले आणि मैफलींचं उत्पन्न त्यांनी दुष्काळनिधीला दिलं. त्याच दौऱ्यात मुंबईला त्यांना पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार भेटले. वाजवून वाजवून येहुदींचं अंग आखडलं होतं. अय्यंगारांच्या आसनांनी त्यांना आराम पडला. १९५४ साली त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतलं आणि एक घड्याळ भेट दिलं. त्यावर, आपले सर्वांत चांगले व्हायोलिनचे गुरू हेच, अशा अर्थाचे शब्द कोरलेले होते. म्हणून येहुदींचं नाव आपल्याकडे पुष्कळांच्या कानांवर आहे. हेफ्झिबाचं नाव मात्र फारसं कुणाच्या कानांवर नाही. तसं पाहिलं तर खुंट्याला दोघांचेही हात होते. पण व्हायोलिनवाला उभा असतो आणि पियानोवाली बसलेली असते, तेव्हा लोकांना उभा असलेलाच दिसतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत ध्वनिमुद्रण ऐकवायची सोय असेल तर बेथोव्हेनचा ‘स्प्रिंग’, म्हणजे वसंत, या नावानं ओळखला जाणारा सोनाटा मुलांना ऐकवा. वाजवणारे कुणीही असोत. आरंभी व्हायोलिन सुरेख चाल गातं आणि पियानो खाली झुळझुळत राहतो. थोड्याच वेळात तीच चाल पियानो उचलतो, आणि आता झुळझुळायची पाळी व्हायोलिनची. जात्यावरच्या ओवीसारखंच ते. पहिल्या खेपेला मुलांना म्हणा, फक्त व्हायोलिन ऐका. दुसऱ्या खेपेला म्हणा, आता फक्त पियानो ऐका. तिसऱ्या खेपेला काही सांगू नका. मुलं आपोआप दोन्ही ऐकतील.

आणि घरी गेल्यावर आपणही जरा कान देऊन पाहू या. भाऊ तबल्याच्या शिकवणीला जातो आणि बहीण उंबऱ्याआड उभी राहून तेच बोल बोटांवर मोजते, असं एखादं घर आपल्या आळीतही असेल. तिला फक्त ऐकणारं कुणी हवं आहे. मेनुहिनांच्या घरातलं दार अर्धवटच उघडलं, तरी त्यातून एवढं संगीत बाहेर आलं. ते सताड उघडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आपण आपल्या घरातल्या मुलीकडे पाहून करावा.