दगडाच्या मजल्यांतून

बोअरचा सौदा फुटावर होतो. पाणी लागो न लागो, गाडी जितके फूट खाली गेली तितक्याचे पैसे मोजायचे. आणि ठरावीक खोलीनंतर फुटाचा दरही चढत जातो. सौद्याची ही रीत ध्यानात आली, की आपल्याकडच्या बऱ्याच कोरड्या बोअरांचा उलगडा होतो. पैसे फुटाला, पाणी मात्र थराला.

मावसभावाने लातूरच्या कडेला प्लॉट घेतला. २०१६च्या एप्रिलमध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळे इथे घराच्या पायाआधी बोअर. त्याआधी पाणाड्या येऊन गेला. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला, तिथे पॉइंट. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत वारुळं आणि झाडं बघून भूजल ताडण्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. झाडाची मुळं ओलीपर्यंत जातात, त्यामुळे त्यात तथ्य असू शकतं. नारळाचं खालच्या पाण्याशी काय नातं, ते मला कळलेलं नाही. एवढं खरं, की तो नेमका जिथे जिना यायचा नव्हता त्याच कोपऱ्यात उभा राहिला.

रात्री दहाला दोन ट्रक आले, दोन्ही तमिळनाडू पासिंगचे. नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोडे हे या गाड्यांचं माहेर. तिथल्या गाड्या देशभर फिरतात. एका ट्रकवर मनोरा आणि कॉम्प्रेसर, दुसऱ्यावर वीस-वीस फुटी रॉडांची चळत, केसिंगचे पाईप आणि पोरांची तांदळाची पोती. तासाभरात मनोरा उभा राहिला आणि अख्ख्या कॉलनीची झोप उडाली.

लोकांना वाटतं हे यंत्र भोक पाडतं, म्हणजे सुताराच्या गिरमिटासारखं. तसं नाही, ते ठोकतं. रॉडच्या टोकाशी हॅमर असतो, त्याच्या तोंडाला टंगस्टन कार्बाइडचे दाणे बसवलेला बिट. मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा दहापट दाबाची हवा पोकळ रॉडमधून खाली जाते आणि हॅमरच्या आतला दट्ट्या त्या हवेने बिटवर घाव घालत राहतो. वरून रॉड फक्त सावकाश फिरतो, म्हणजे दर घाव नव्या जागी पडतो. तीच हवा चुरा घेऊन वर येते. ठोकायचं आणि झाडूनही काढायचं, दोन्ही कामं हवेकडेच. हाताने खणलेल्या विहिरीला जिथे महिने लागायचे, तिथे साडेसहा इंची छिद्र एका रात्रीत शेकडो फूट जातं.

गाडीवरचा मुख्य गडी मला आवडला. मराठी चार शब्द, हिंदी दहा. दर रॉडला तो फावड्यावर चुरा घेऊन बोटांत चोळायचा. आधी पिवळसर मुरूम. मग राखाडी भुकटी, म्हणजे काळा पाषाण. मग तिच्यात पांढरे कण चमकू लागले. मध्यरात्रीनंतर भुकटी एकदम विटकरी झाली, तसा तो सावध झाला, रॉड वर-खाली करू लागला.

त्या रंगांत दख्खनची घडण आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोट एकावर एक पसरले. प्रत्येक लोटाचा तळ आणि पोट घट्ट, माथा मात्र वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र. ते बुडबुडे पुढे पांढऱ्या स्फटिकांनी भरले. दोन लोटांमध्ये काळ गेला तिथे माथ्याची माती झाली, आणि पुढच्या लोटाखाली ती भाजून-दबून तांबडा थर झाली. तो ओला झाला की फुगतो, ढासळतो आणि हॅमर गिळतो. घट्ट पाषाणात पाणी जवळपास नसतंच. ते असतं मुरमात, भेगांत आणि दोन लोटांच्या सांध्यात. आडवं पसरलेलं, पातळ.

म्हणून जुनी विहीर रुंद असायची. चाळीस फुटांत चहूबाजूंचे झरे तिच्यात उतरायचे, रात्रभर साठायचे. बोअर त्याच थराला साडेसहा इंचांनी शिवतो आणि पुढे जातो.

पण जायचं कुठवर? किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर संशोधकांनी तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटरवर लाव्हा संपला, मग गाळाच्या खडकाचा पातळ पट्टा, आणि खाली ग्रॅनाइटच्या जातीचा आदिम खडक. त्या भागात हजार फुटांचा बोअर घेणारा शेतकरी, म्हणजे ३०५ मीटर, लाव्हाची जवळजवळ सगळी चळत भेदून बसतो.

खोलीला पूर्वी आपोआप लगाम होता: हापसा. जालना-सोलापूरकडच्या मिशनच्या लोकांनी घडवलेल्या पोलादी हातपंपावरूनच पुढे युनिसेफच्या साथीने इंडिया मार्क-२ तयार झाला. तो पन्नासेक मीटरपर्यंतचं पाणी ओढतो; त्याखाली माणसाचा दंड भरून येतो. सबमर्सिबलने तो लगाम काढला. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्याने ६० मीटरची रेघ ओढून तिच्याखालच्या विहिरींना शेती आणि उद्योगासाठी मनाई केली आहे. पण रात्री गाडी उभी असताना कोणी टेप घेऊन येत नाही.

मावसभावाला एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. धूळ बसली, चुरा चिखल झाला, मग फवारा. दीड इंच. मुख्य गडी म्हणाला, "बस करो." भाऊ म्हणाला, "अजून शंभर मार." शंभरात राखाडी भुकटीचाच गाळ येत राहिला, पाणी दीडचं दीडच राहिलं. बिल मात्र शंभर फुटांनी वाढलं.

पहाटे शेजाऱ्याने तीच गाडी थांबवून घेतली. कुंपणापलीकडे साठेक फुटांवर पॉइंट. दुपारी त्याचा हॅमर एकशे पंच्याहत्तरला पोचला, तेव्हा आम्ही चहा पीत होतो. आमच्या केसिंगवरचं टोपण उडालं आणि आतून फेसाळ गढूळ पाणी फुरफुरत वर आलं. भाऊ कप खाली ठेवून कुंपणाकडे धावला.