ब्राउझरमधलं खोटं थ्रीजी

भोपाळच्या साकेत नगरात एम्स आहे. बैतूल, मुलताईकडची मराठी बोलणारी कुटुंबंही उपचारांसाठी इथवर येतात. सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीसाठी केंद्राची ओआरएस ही ऑनलाइन नोंदणी सेवा २०१५ साली सुरू झाली, तेव्हापासून नंबर मोबाइलवरूनही लावता येतो. नंबर लावणारा इटारसी-बैतूलच्या घाटात, गाडीच्या खिडकीशी बसलेला असू शकतो. अशी पानं बनवणारा मात्र बहुधा फायबरच्या जोडणीवर असतो. घाटातल्या माणसाला काय भोगावं लागतं, याचा अंदाज त्याला बसल्या जागी यावा म्हणून ब्राउझरमध्ये एक सोय असते: थ्रॉटलिंग, म्हणजे मुद्दाम आवळलेला वेग.

एफ-१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडायची, नेटवर्क टॅबमध्ये जायचं आणि ‘नो थ्रॉटलिंग’ असं लिहिलेल्या यादीतून ‘थ्रीजी’ निवडायचं. क्रोम लगेच वेग सेकंदाला ४०० किलोबिटवर, म्हणजे ५० किलोबाइटवर आणतं. एक मेगाबाइटचा फोटो उतरायला वीस सेकंद लागतात, वर प्रत्येक विनंतीला किमान दोन सेकंदांचा विलंब. २०२४ पर्यंत याच पर्यायाचं नाव ‘स्लो थ्रीजी’ होतं आणि आजचं ‘स्लो फोरजी’ तेव्हा ‘फास्ट थ्रीजी’ म्हणवत होतं. जुना धडा उघडून बसलेला विद्यार्थी इथेच पहिली ठेच खातो.

दुसरी ठेच नेहमीची: वेग आवळला, तरी पान झटकन उघडतं. अशा वेळी आधी कॅश तपासावा. फाइल आधीच संगणकात असेल, तर ती नेटवर्कवरून मागवलीच जात नाही. ‘डिसेबल कॅश’वर खूण केली की खरा प्रकार समोर येतो. सर्व्हिस वर्करही असाच साठ्यातून माल पुरवतो, इतका की ‘ऑफलाइन’ निवडूनही पान हजर! टूल्सची खिडकी बंद केली की थ्रॉटलिंग संपतं. शिवाय ते त्याच टॅबपुरतं असतं, म्हणून शेजारच्या टॅबमधली स्पीड टेस्ट पूर्ण वेग दाखवते. वेबसॉकेटवरून येणारे संदेश तर क्रोममध्ये बराच काळ या लगामाबाहेरच होते. २०२२ सालच्या ९९व्या आवृत्तीत ते आत आले.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. एखाद्या विनंतीवर क्लिक करून ‘टायमिंग’ पाहावं. जोडणी जुळवायला आणि सुरक्षेच्या देवाणघेवाणीला जेमतेम काही मिलिसेकंद गेलेले दिसतात आणि सगळा विलंब ‘सर्व्हरच्या उत्तराची वाट’ या पट्टीत साचलेला असतो. कारण क्रोम आवळतं ती विनंती. तारेवरून जाणाऱ्या पॅकेटना ते हातच लावत नाही. घरातला नळ बारीक करावा आणि गावाला पाणीटंचाई आली म्हणावं, तसं हे.

खऱ्या अशक्त नेटवर्कवर नाव शोधायला एक फेरी, जोडणीला दुसरी, सुरक्षेला तिसरी आणि मागणीला चौथी अशा फेऱ्या होतात. एका फेरीला ४०० मिलिसेकंद धरले, तर पहिलं अक्षर यायच्या आतच १.६ सेकंद संपतात. क्रोमच्या कर्त्यांना हे ठाऊक आहे. म्हणून ‘स्लो फोरजी’त १५० मिलिसेकंदांच्या फेरीला ३.७५ने गुणून ५६२.५ मिलिसेकंदांचा विलंब लावलेला असतो. सरासरीपुरती ही तडजोड ठीक आहे, पण वाटेत हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवताना पान कसं अडखळतं, ते यातून कळत नाही. क्रोमच्या कस्टम प्रोफाइलमध्ये पॅकेट लॉसचा रकाना आहे खरा; तो लागू होतो फक्त वेबआरटीसीला, म्हणजे व्हिडिओ कॉलसारख्या गोष्टींना.

फेसबुकने ऑक्टोबर २०१५मध्ये दर मंगळवारी आपल्या कर्मचाऱ्यांना तासभर टूजीचा वेग चाखायची सोय केली होती. एका टॅबपुरत्या लगामापेक्षा तो अनुभव नक्कीच अधिक बोलका.

पॅकेटच्या पातळीवर वेग आवळायचा, तर ब्राउझरच्या बाहेर पडावं लागतं. ॲपलच्या यंत्रांवर ‘नेटवर्क लिंक कंडिशनर’ आहे, लिनक्सवर ‘टीसी’ची ‘नेटएम’ सोय. नेटएमने विलंब लावता येतो आणि शेकडा दोन पॅकेट हरवताही येतात. मात्र स्वतःच्याच संगणकावरच्या सर्व्हरची चाचणी घेताना लूपबॅकवर ३०० मिलिसेकंद लावले, तर पिंग ६०० दाखवतं, कारण जाणारं आणि येणारं अशी दोन्ही पॅकेट त्याच दारातून जातात. आकडा निम्मा लावायचा आणि काम झाल्यावर नियम काढून टाकायचा. तो राहून गेला, तर संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत विलंब तसाच राहतो आणि मग दोष बिचाऱ्या ब्राउझरवर येतो.