गेटवे नसलेलं बंदर

मुंबईचं जुनं चित्रकार्ड हातात आलं, की आधी ताज शोधायचा, मग गेटवे. ताजचे घुमट दिसतायत, पण समोर कमान नाही, नुसता मोकळा धक्का आणि चार-दोन घोडागाड्या, असं असेल तर हिशेब सोपा. हॉटेल उघडलं डिसेंबर १९०३ मध्ये. गेटवेचा पाया १९१३ साली घातला गेला, पण कमान पुरी व्हायला १९२४ उजाडलं. म्हणजे फोटो या वीस वर्षांतला. रस्त्याचं कार्ड असेल तर ट्राम बघायची. पुढे घोडे जुंपलेले असतील तर मे १९०७ च्या आधीचं, डोक्यावर तारा असतील तर नंतरचं. कार्डाखाली छापलेल्या मजकुरावर मात्र फार विसंबू नये. छापणाऱ्याने मुंबई पाहिलेलीच नसायची.

साधं पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ पासून आलं, पाव आण्याला. चित्राचं कार्ड त्यानंतर वीसेक वर्षांनी. गिरगावात १८९४ मध्ये सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला रविवर्मा प्रेस आपल्याला देवादिकांच्या तसबिरींमुळे ठाऊक आहे. पण मुंबईची अगदी सुरुवातीची चित्रकार्डंही याच छापखान्यातून निघाली. पॉल गेरहार्ट नावाचा जर्मन कारागीर तिथे होता. त्याने शहरातली माणसं दगडावर रेखून रंगीत छापली. लक्ष्मी-सरस्वती ज्या छापखान्यात छापल्या जात, तिथूनच गोऱ्या साहेबाच्या मावशीला जाणारं कार्डही निघे.

फोटो त्याहून जुने. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे सुरुवातीच्या फोटोग्राफरांपैकी एक, आणि हरिश्चंद्र चिंतामण त्या वर्गात शिकून धंद्यात उतरले. तेव्हा ही कला फक्त साहेबाच्या हाती होती असं समजायचं कारण नाही.

विल्यम जॉन्सन या गृहस्थाचा किस्सा मात्र सांगायलाच हवा. मुंबईत राहणाऱ्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड त्याने १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. चित्रात पाहावं तर मंडळी ऐटीत उभी आहेत, मागे मुंबईतली जागा. पण माणसांचा फोटो एकीकडे घेतलेला आणि देखावा दुसरीकडे. दोन्ही नंतर जोडलेले. त्या काळच्या मंद काचांवर उघड्यावर उभा केलेला घोळका स्पष्ट उतरवणं जिकिरीचं काम होतं, म्हणून ही युक्ती. पायाशी नीट बघितलं तर सावल्या मागच्या उन्हाशी जुळत नाहीत. फोटो खोटं बोलतो हे कळायला आपल्याला संगणकाची गरज कधीच नव्हती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्डांचं पेव फुटलं. क्लिफ्टन आणि कंपनीसारख्या मुंबईतल्या दुकानांनी फोटो काढायचे, आणि पुष्कळदा छपाई जर्मनीत करून घ्यायची. ही छपाई कोलोटाइपची. जाड काचेवर जिलेटिन आणि डायक्रोमेटचा थर द्यायचा, वर निगेटिव्ह ठेवून उजेड दाखवायचा. जिथे उजेड लागतो तिथे थर कडक होतो. मग काच ओलवून तिच्यावर शाईचा रूळ फिरवायचा. कडक भाग शाई धरतो, पाणी प्यालेला भाग झिडकारतो. हजार-दोन हजार प्रतींत काच दमते. असं कार्ड भिंगाखाली धरून पाहा. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपके दिसत नाहीत, आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडाव्यात तशा बारीक भेगांची नक्षी दिसते. राजाबाई टॉवरच्या कोरीव कामाचा कंगोरा न् कंगोरा त्या नक्षीत शाबूत राहतो. स्वस्तातल्या वस्तूची इतकी चांगली छपाई आज मिळत नाही, हे माझं स्पष्ट मत.

रंग मात्र परदेशात बसून भरलेले. फोटो काळा-पांढरा, आणि बाईचं लुगडं लाल की हिरवं हे ठरवणार जर्मनीतला कारागीर. एकाच फोटोच्या दोन छपाया शेजारी ठेवल्या तर तीच कोळीण एकीत लाल, दुसरीत हिरवी. भर दुपारच्या फोटोवर निळा रंग चढवायचा, आकाशात चंद्र डकवायचा आणि ‘चांदण्यातली मुंबई’ म्हणून विकायचं, हाही सर्रास धंदा होता. १९१४ ला लढाई पेटली आणि जर्मन माल बंद झाला. नंतरची कार्डं बहुतेक फिकी, ठिपक्याठिपक्यांची.

कार्डाची पाठ वाचायला विसरू नये. आधी एका बाजूला फक्त पत्ता लिहायची मुभा होती, मजकूर चित्रावरच कुठेतरी कोंबायचा. ब्रिटनने १९०२ मध्ये पाठीचे दोन भाग करायला परवानगी दिली, इतरांनी मागून. म्हणून त्याआधीच्या कार्डांवर व्हीटीच्या घुमटावरचं सगळं आभाळ कुणाच्या तरी उकाड्याच्या तक्रारीने भरलेलं असतं. चोरबाजारातून आणलेल्या माझ्या एका कार्डावर तिकिटाच्या जागी नुसता पांढरा चौकोन आहे. तिकिटं जमवणाऱ्या कुणीतरी ते सोलून नेलं आणि त्याच्याबरोबर शिक्क्यावरची तारीखही गेली.

शहराबाहेरची कार्डं म्हणजे घारापुरी, कार्ले, माथेरान आणि बोरघाट. बोरघाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन छापणाऱ्यांचं भलतंच लाडकं. गाडी घाट चढताना डोंगराच्या टोकाशी येऊन थांबे, इंजिन या टोकाचं त्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या दिशेने वर निघे. १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली, १९२९ मध्ये नवा मार्ग आला आणि हे स्टेशन बंद पडलं. त्या कड्यावरचे रूळ आज कार्डातच बघायचे.

माणसांची कार्डं बघताना मात्र मन खट्टू होतं. धोबी, भिस्ती, आया, पारशीण, कोळीण अशी नुसती लेबलं. बंगल्याला नाव, बंदराला नाव, घोड्यावरच्या पुतळ्याला नाव, आणि ऊन खात उभ्या राहिलेल्या जिवंत माणसाला नाव नाही. अपवाद म्हणावा तो जे. जे. कलाशाळेत शिकून तिथेच शिकवायला लागलेल्या चित्रकार धुरंधरांचा. त्यांनी १९०३ च्या सुमारास कार्डांसाठी चित्रं काढली. नावं त्यांनीही लिहिली नाहीत. पण त्यांची मोलकरीण ठसक्यात मान वेळावते, ती तोऱ्यात आहे हे दिसतं. साहेबाच्या कॅमेऱ्यापुढे ताठ उभं केलेल्या बाईत तो ठसका शोधून सापडत नाही.

तुमच्या घरातल्या ट्रंकेतही एखादा पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो असेल. खुर्चीत बसलेले पागोट्यातले कुणी, शेजारी नऊवारीतली बाई, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. तो लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. घरातलं ज्याला आठवतंय असं माणूस अजून असेल तर या रविवारी त्याच्यापुढे फोटो ठेवा, आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नावं लिहून ठेवा. बॉलपेनने नको, शाई पुढच्या बाजूला उमटते.