स्टार्टर वारंवार पडतो? रिले वाढवू नका, कारण शोधा

हरभरा-गव्हाच्या ओलितात स्टार्टर पडला की कोणी रिलेचा आकडा वाढवते, कोणी किटकॅटमध्ये जाड तार टाकते. मोटर चालते खरी, पण वाइंडिंग जळते. आधी कोण कोणाला वाचवते ते पाहा:

🔹 *फ्यूज:* शॉर्ट सर्किट झाल्यास वायर वाचवतो.
🔹 *ओव्हरलोड रिले:* मोटर वाचवतो. जास्त करंट काही वेळ वाहिला की आतली पट्टी तापून वाकते आणि स्टार्टर पडतो.
🔹 *अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी:* माणूस वाचवतात. फ्यूज-रिले चांगले असले तरी शॉक लागू शकतो!

*रिले कितीवर ठेवायचा?* साधा डीओएल स्टार्टर असेल तर मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरइतका. ५ एचपी थ्री-फेज मोनोब्लॉकला साधारण साडेसात अँपिअर, सबमर्सिबलला जास्त. स्टार-डेल्टाचे सेटिंग वायरमनकडूनच करा.

*स्टार्टर का पडतो?*
१. एक फेज गेला. उरलेल्या दोन फेजवर करंट जवळपास पावणेदोन पट होतो. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा.
२. व्होल्टेज कमी.
३. पंपात गाळ किंवा बेअरिंग जाम.

⚠️ पेटी उघडण्याआधी मेन स्विच बंद करा. ओल्या हाताने, अनवाणी पेटीला हात लावू नका. डीपीचा फ्यूज गेला तर स्वतः हात घालू नका, महावितरणला १९१२ वर कळवा.

मोटर पुन्हा भरता येते, माणूस नाही. रात्री ओलिताला जाणाऱ्या घरच्या माणसालाही हा मेसेज वाचून दाखवा. 🙏