फुकटच्या जेवणाची किंमत

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण सहज म्हणून जातो. पण जुगाराच्या जागी कोणी फुकट जेवू घातले, राहायला खोली दिली, तर ते खरोखर फुकट असते काय? कॅसिनो, म्हणजे सरकारी परवान्याने चालणारी जुगारगृहे, आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना अशा सवलती देतात. गोव्याच्या सहलीला जाणारी आपल्याकडची तरुण मंडळीही आता कॅसिनोची पायरी चढतात. म्हणून हा हिशेब घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावा.

ही पद्धत सर्वांत वाढली ती अमेरिकेत. हॅराज या कंपनीने १९९७ साली आपल्या सर्व कॅसिनोंत चालणारे एकच कार्ड काढले. आज तीच योजना ‘सीझर्स रिवॉर्ड्स’ या नावाने चालते. कार्ड मशीनमध्ये घालून खेळले की किती पैसे लावले याची नोंद होते, त्यावर गुण मिळतात आणि गुणांवर जेवण किंवा खोली. गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड अशा वरच्या पायऱ्याही आहेत. पायरीसाठीचे गुण मात्र वर्षापुरते; नव्या वर्षी मोजणी पुन्हा शून्यापासून!

सवलत कोणाच्या पैशाची?

अमेरिकन रूलेटच्या चाकावर ३८ घरे असतात. एका घरावर पैसे लावून ते घर आले तर ३५ पट मिळतात. ही तफावत मालकाची. लावलेल्या दर १०० डॉलरमागे त्याला सरासरी सव्वापाच डॉलर उरतात. एखादा जिंकतो, दुसरा हरतो. पण हजारो खेळींचा हिशेब ठरलेलाच. गिऱ्हाईक किती हरणार याचा अंदाज बांधून त्यातलाच थोडा भाग सवलत म्हणून परत दिला जातो.

एक साधे गणित करू. पाच डॉलर लावले की एक गुण आणि शंभर गुणांचा एक डॉलर, असे धरा. म्हणजे एका डॉलरच्या सवलतीसाठी ५०० डॉलर लावावे लागले. मशीन शंभरातले आठ ठेवून घेत असेल, तर सरासरी ४० डॉलर गेले आणि हाती आला एक! चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, ते याहून परवडले.

गळाला लागतो कोण?

आपल्याला वाटेल, हे धनिकांचे खेळ. हॅराजचे प्रमुख गॅरी लव्हमन यांनी २००३ साली एका लेखात वेगळीच माहिती दिली. कार्डावरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा २६ टक्के गिऱ्हाइकांकडून ८२ टक्के उत्पन्न येत असल्याचे दिसले. हे लोक बडे शेठ नव्हते. त्यांत निवृत्त शिक्षक होते, यंत्रावर काम केलेले कामगारही होते. साध्या माणसाला पुन्हा पुन्हा बोलावण्यासाठीच ही सवलत आहे.

गोव्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील स्लॉट मशीनला आणि १९९६ साली जहाजावरील कॅसिनोला कायद्याने वाट मिळाली. महाराष्ट्रात मात्र १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही. २०२३ साली तो रद्द झाला. पणजीला मांडवी नदीतल्या जहाजांवर प्रवेशाच्या पैशांत जेवण आणि खेळायची काही नाणी धरलेली असतात. तेही फुकट नव्हे. त्याचे पैसे दारातच भरलेले असतात.

मग सवलत घेऊच नये काय? ठरवलेली रक्कम खर्चून कोणी खेळणारच असेल, तर त्यावर मिळालेले जेवण जरूर जेवावे. पण गुण वाढावेत, वरची पायरी मिळावी म्हणून एक रुपयाही जास्त लावू नये. सहलीला निघालेल्या मुलाला एवढे अवश्य सांगा: जेवायचे असेल तर खानावळीत पैसे देऊन जेव. तिथे जेवणाचा दर तरी पाटीवर लिहिलेला असतो.